निवडीत वगळलेला धावपटू : जिम रायनच्या आरंभकाळाचा अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात निवड ही नित्याची गोष्ट आहे. वर्षारंभी मुलांना मैदानावर उभे करावयाचे, त्यांची धाव, उडी व फेक मोजावयाची, आणि पहिल्या काहींना संघात घेऊन उरलेल्यांना घरी पाठवावयाचे, हा क्रम बहुतेक सर्व देशांत आढळतो. या क्रमामागे एक गृहीत दडलेले असते. आज जो पुढे आहे तोच उद्याही पुढे राहील, असे ते गृहीत होय. ते इतके अंगवळणी पडलेले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही.

प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी एका व्यक्तीच्या उदाहरणावरून करावयाची आहे. अमेरिकेचा मध्यम पल्ल्याचा धावपटू जिम रायन याने १९६६ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, एक मैल धावण्याचा जागतिक विक्रम केला. त्याच्या चार वर्षे आधी हाच मुलगा शाळेच्या कोणत्याही संघात नव्हता. रायनची ही कथा पुष्कळदा चमत्कार म्हणून सांगितली जाते. परंतु त्याच्या पहिल्या पाच वर्षांच्या वेळा ओळीने मांडल्या, आणि त्या कोणत्या सरावातून निपजल्या हे पाहिले, तर चमत्काराचा भाग बराच कमी होतो व शिक्षकाच्या उपयोगी पडेल असे काही हाती लागते. एका दिवसाच्या कसोटीत मुलाची त्या दिवसाची अवस्था मोजली जाते. सरावाला त्याचे शरीर किती प्रतिसाद देईल हे तीत मोजले जात नाही. रायनच्या आरंभकाळाचे महत्त्व या भेदात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. १९६२ पूर्वीचा रायन

जेम्स रोनाल्ड रायन याचा जन्म २९ एप्रिल १९४७ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरी झाला. बालपणी गोवर निघाल्यामुळे त्याची श्रवणशक्ती बरीच क्षीण झाली. अंगाने तो उंच, सडपातळ आणि काहीसा बेढब होता. चर्चच्या बेसबॉल संघातून त्याला वगळण्यात आले. कनिष्ठ शाळेत मैदानी खेळांच्या संघातही त्याला स्थान मिळाले नाही. रायनने पुढे आपल्या आठवणी सांगताना या नकारांचा उल्लेख अनेकदा केला आहे.

या नकारांतील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. कनिष्ठ शाळेत मुलांना धावण्यासाठी जे सर्वांत लांबचे अंतर होते ते ४४० यार्डांचे, म्हणजे पाव मैलाचे. हे अंतर जवळजवळ पूर्ण वेगाने धावावे लागते, आणि त्यात स्नायूंच्या तात्कालिक शक्तीला मोठे महत्त्व असते. ज्याची खरी शक्ती दीर्घ श्रम सोसण्यात आहे अशा मुलाला या कसोटीत आपला गुण दाखविण्यास वावच नव्हता. म्हणजे रायनच्या बाबतीत कसोटी दोन प्रकारे अपुरी ठरली. ती एकाच दिवसाची होती. शिवाय जो गुण शोधावयाचा तो तिच्या कक्षेबाहेर होता.

१९६२ च्या सप्टेंबरात रायन विचिटा ईस्ट या माध्यमिक शाळेत दाखल झाला. तेथे त्याने क्रॉस कंट्री या खेळासाठी, म्हणजे माळावरील व उद्यानांतील लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी, आपले नाव दिले. शाळेचे अक्षर लावलेला खेळाडूंचा कोट आपल्याला मिळावा, एवढीच त्या वेळी आपली इच्छा होती, असे तो सांगतो. सरावाच्या आरंभी मुलांकडून एक मैलाची चाचणी-धाव घेण्यात आली, आणि रायनने ती ५ मिनिटे ३८ सेकंदांत पूर्ण केली. पंधरा वर्षांच्या, सराव नसलेल्या मुलास ही वेळ साधारण म्हणावी लागेल. तीवरून कोणीही भविष्य वर्तविले नसते. परंतु क्रॉस कंट्रीच्या संघातून मुलांना सहसा काढून टाकीत नसत. खालच्या तुकडीत का होईना, रायनला धावत राहता आले. त्या एकाच हंगामात तो खालच्या तुकडीतून शाळेच्या पहिल्या संघापर्यंत चढला.

या शाळेत मुलाला निवडले नाही, पण त्याला वगळलेही नाही. पुढील सर्व गोष्टी या एका परिस्थितीमुळे शक्य झाल्या.

३. प्रशिक्षक टिमन्स व त्यांची पद्धती

विचिटा ईस्टचे प्रशिक्षक बॉब टिमन्स हे धावण्याचे शिक्षक होते तसेच पोहण्याचेही होते. त्यांच्या पद्धतीचे मर्म समजण्यासाठी त्या काळातील सरावाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

मध्यम पल्ल्याच्या धावपटूंच्या सरावात विसाव्या शतकाच्या मध्याला दोन प्रवाह प्रमुख होते. पहिला प्रवाह इंटरव्हल पद्धतीचा. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर व हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट रिंडेल यांनी या पद्धतीला शास्त्रीय रूप दिले. ठरावीक लहान अंतर वेगाने धावावयाचे, त्यामुळे नाडीचे ठोके मिनिटाला १८० पर्यंत चढू द्यावयाचे, मग ते १२० पर्यंत उतरले की पुन्हा धावावयाचे, असा तिचा सर्वसाधारण क्रम होता. ठोके ठरावीक वेळात उतरले नाहीत, तर भार अधिक झाला असे समजावयाचे. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मि. ४६.६ सेकंदांत कापले. तो जागतिक विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला. हंगेरीचे प्रशिक्षक मिहाय इग्लोई यांनी १९५६ नंतर अमेरिकेत वास्तव्य करून ही पद्धती आपल्या परीने तेथे रुजविली. दुसरा प्रवाह न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांचा. आधी आठवड्याला सुमारे शंभर मैल धावून श्रम सोसण्याचा पाया घालावयाचा आणि वेगाचा सराव नंतर करावयाचा, असे त्यांचे मत होते. १९६० व १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदके मिळविणारा पीटर स्नेल हा त्यांचा शिष्य.

टिमन्स यांच्या कामात हे दोन्ही प्रवाह आढळतात. तथापि त्यांच्या दृष्टीचे वेगळेपण पोहण्याच्या तलावातून आले असावे, असे मानण्यास जागा आहे. पोहताना शरीराचे वजन पाणी उचलून धरते. त्यामुळे सांध्यांवर आघात न होता एकाच अंतराच्या पुष्कळ आवृत्त्या करता येतात, आणि पोहण्याचे प्रशिक्षक अशा आवृत्त्यांना सरावलेले असतात. याहून महत्त्वाची गोष्ट वयाची आहे. १९५८ साली ऑस्ट्रेलियातील जॉन व इल्सा कॉन्रॅड्स या भावंडांनी अनुक्रमे १५ व १३ वर्षे वयात पोहण्याचे जागतिक विक्रम केले होते. पंधरा वर्षांचे मूल मोठा भार पेलू शकते, ही कल्पना तलावाच्या काठी रूढ झालेली होती. धावपट्टीवर मात्र मैलाचा धावपटू पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो, असाच सार्वत्रिक समज होता. टिमन्स यांनी पहिल्या क्षेत्रातील अपेक्षा दुसऱ्या क्षेत्रात आणली.

त्यांची ही पद्धती रायनसाठी तयार झालेली नव्हती. याच शाळेचा, टिमन्स यांच्याच हाताखालचा आर्ची सॅन रोमानी (धाकटा) याने १९५९ साली ४ मि. ८.९ सेकंदांत मैल धावून अमेरिकेतील शालेय विक्रम केला होता. त्यामुळे रायन येण्यापूर्वीच तेथे एक चालती व्यवस्था आणि तिच्या यशाचा एक पुरावा होता. रायनच्या शालेय काळातील सरावात ४४० यार्डांच्या चाळीस धावा एकाच वेळी घेतल्या गेल्याची नोंद आहे, आणि त्याच्या आठवड्याच्या धावण्याची बेरीज पुढे शंभर मैलांवर गेली.

रायनमध्ये टिमन्स यांना काय दिसले? रायनने सांगितलेली एक आठवण येथे उपयोगी पडते. १९६३ च्या वसंतात एका स्पर्धेहून परतताना टिमन्स यांनी त्याला बसमध्ये जवळ बोलाविले, आणि चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला शालेय विद्यार्थी तू होऊ शकशील, असे सांगितले. त्या वेळी रायनची वेळ चार मिनिटांपासून पुष्कळ दूर होती, आणि जगातील कोणत्याही शालेय विद्यार्थ्याने ती मर्यादा ओलांडलेली नव्हती. रॉजर बॅनिस्टर याने चार मिनिटांची मर्यादा प्रथम ओलांडली त्याला उणीपुरी नऊच वर्षे झाली होती. टिमन्स यांचे विधान रायनच्या त्या दिवसाच्या वेळेवर आधारलेले असते, तर ते अविचाराचे ठरले असते. ते आधारलेले होते त्याच्या सुधारणेच्या गतीवर. प्रत्येक वाढविलेल्या भाराबरोबर मुलगा किती पुढे सरकतो, हे त्यांनी काही महिने पाहिले होते.

४. वेळांचे कोष्टक

रायनच्या एक मैलाच्या वेळा वर्षवार अशा आहेत :

सप्टेंबर १९६२, वय १५ : ५ मि. ३८ से. (शाळेतील चाचणी)
१९६३ चा हंगाम, वय १६ : ४ मि. ७.८ से.
५ जून १९६४, वय १७ : ३ मि. ५९.० से.
२७ जून १९६५, वय १८ : ३ मि. ५५.३ से.
१७ जुलै १९६६, वय १९ : ३ मि. ५१.३ से.
२३ जून १९६७, वय २० : ३ मि. ५१.१ से.

पहिल्या वर्षात ९० सेकंदांहून अधिक, दुसऱ्यात ८.८, तिसऱ्यात ३.७, चौथ्यात ४.० आणि पाचव्यात ०.२ सेकंद, अशी ही घट आहे. पहिली नोंद सराव नसलेल्या मुलाची असल्यामुळे पहिल्या वर्षाच्या घटीला फार अर्थ देणे योग्य होणार नाही. कोणताही निरोगी मुलगा पहिल्या काही महिन्यांत वेगाने सुधारतो. विचार करावयाचा तो नंतरच्या आकड्यांचा. सुधारणेचा वेग उतरत जाणे हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु रायनच्या बाबतीत तिसऱ्या व चौथ्या वर्षी, म्हणजे जेथे एकेक दशांशासाठी झगडावे लागते अशा पातळीवर, दर वर्षी चार सेकंदांच्या आसपास सुधारणा होत राहिली. पाचव्या वर्षी ती जवळजवळ थांबली.

सरासरी वेगाच्या भाषेत बोलावयाचे, तर १९६२ मध्ये हा मुलगा सेकंदाला सुमारे ४.७६ मीटर धावत होता, आणि २१ महिन्यांनंतर कॉम्प्टन येथे सुमारे ६.७३ मीटर. ही वाढ ४१ टक्क्यांची आहे. चाचणीच्या दिवशी त्याच्यापुढे धावलेल्या मुलांना याच शाळेत, याच शिक्षकांच्या हाताखाली सराव मिळाला. पण त्यांतील कोणीही इतकी मजल मारली नाही. म्हणून सर्व श्रेय पद्धतीला देता येत नाही, आणि चाचणीतील क्रमांकावरून पुढील क्रम ओळखता आला नसता हेही तितकेच उघड होते.

५. कॉम्प्टन ते सॅन डिएगो

शालेय मैलाचा त्या वेळचा विक्रम टॉम सलिव्हन याचा, ४ मि. ३.५ सेकंदांचा होता. १९६४ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे रायन ४ मि. १.७ सेकंदांत धावला आणि तो विक्रम मागे पडला. त्यानंतर ५ जून १९६४ रोजी कॅलिफोर्नियातच कॉम्प्टन येथे झालेल्या शर्यतीत आठ धावपटूंनी चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला. डायरॉल बर्ल्सन पहिला आला. रायन आठवा, म्हणजे त्या आठांत शेवटचा आला. त्याची वेळ ३ मि. ५९.० सेकंद होती. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला शालेय विद्यार्थी ठरला. त्या दिवशी त्याचे वय १७ वर्षे ३७ दिवस होते.

आठव्या क्रमांकाचा हा विक्रम शिक्षकाला एक वेगळा धडा देतो. टिमन्स यांनी मुलाला केवळ समवयस्कांशी धावू दिले असते, तर तो सर्वत्र पहिला आला असता, पण त्याला आवश्यक ती गती त्याच्या पुढे कोणी राखली नसती. प्रौढ धावपटूंच्या मागे धावल्यामुळे त्याला क्रमांक मिळाला नाही, वेळ मिळाली. क्रमांक आणि वेळ यांतील कशाची किंमत अधिक, हे सरावाच्या कोणत्या टप्प्यावर आपण आहोत त्यावर ठरते.

त्याच वर्षी ऑलिंपिकसाठी झालेल्या अमेरिकन निवड-स्पर्धेत १,५०० मीटरमध्ये जिम ग्रेल या अनुभवी धावपटूस निसटत्या अंतराने मागे टाकून रायन तिसरा आला आणि टोकियोस जाणाऱ्या संघात त्याला स्थान मिळाले. टोकियोत उपांत्य फेरीत तो अखेरचा आला. सुवर्णपदक स्नेलने मिळविले. सतरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा पराभव मोठा होता. परंतु त्यामुळे सरावाच्या दिशेत काही पालट झालेला दिसत नाही.

१९६४ मध्ये टिमन्स कॅन्सस विद्यापीठात गेले आणि रायनच्या अखेरच्या शालेय वर्षात जे. डी. एड्मिस्टन हे त्याचे प्रशिक्षक झाले. पद्धतीत सातत्य राहिले. १५ मे १९६५ रोजी विचिटा येथे झालेल्या राज्यस्पर्धेत रायनने ३ मि. ५८.३ सेकंद अशी वेळ दिली. या शर्यतीत सर्व धावपटू शालेय विद्यार्थीच होते आणि पुढे गती राखणारे कोणी नव्हते. म्हणून कॉम्प्टनच्या वेळेपेक्षाही तिचे मोल अधिक मानावे लागते. सहा आठवड्यांनी, २७ जून १९६५ रोजी, सॅन डिएगो येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ३ मि. ५५.३ सेकंदांत धावून ऑलिंपिक विजेत्या स्नेलला एक दशांश सेकंदाने मागे टाकले. हा अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम होता. आणि शालेय विद्यार्थ्याचा विक्रम म्हणून तो २००१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३६ वर्षे, टिकला. त्या वर्षी २७ मे रोजी अ‍ॅलन वेब याने युजीन येथे ३ मि. ५३.४३ सेकंदांत मैल धावून तो मोडला.

६. प्रतिसादाची मीमांसा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रायनच्या सुधारणेची कारणे कोणती? निदान तीन गोष्टी वेगळ्या करून पाहावयास हव्यात.

पहिली गोष्ट नैसर्गिक वाढीची. पंधरा ते अठरा या वयात मुलाची उंची, फुप्फुसांची धारणशक्ती, हृदयाचा आकार व स्नायूंचे बळ ही सर्व सरावावाचूनही वाढतात. समान वयाच्या दोन मुलांत ही वाढ दोन-तीन वर्षांच्या अंतराने होऊ शकते. ज्याची वाढ उशिरा होते तो कनिष्ठ शाळेच्या कसोटीत मागे पडतो, आणि ते केवळ वाढीच्या कालभेदामुळे घडते. निवड करणाऱ्याला मात्र तेथे गुणांचा अभाव दिसतो.

दुसरी गोष्ट अंगभूत क्षमतेची. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू उपयोगात आणू शकते, याचे मापन ही सहनशक्तीच्या अभ्यासातील मूलभूत कसोटी आहे. जॅक डॅनियल्स यांनी रायनचा अनेक वर्षे प्रयोगशाळेत अभ्यास केला, आणि १९६८ मध्ये त्याची ही क्षमता शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे ८१ मिलिलिटर इतकी आढळली. निरोगी तरुण पुरुषाच्या सर्वसाधारण क्षमतेच्या हे प्रमाण पावणेदोन पट किंवा त्याहूनही अधिक आहे. परंतु हे मापन सहा वर्षांच्या सरावानंतरचे आहे. १९६२ मधील रायनचे असे मापन झालेले नाही, म्हणून या ८१ पैकी जन्मजात किती व संपादित किती, हे त्यावरून सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने मुख्य, म्हणजे सरावाला मिळणारा प्रतिसाद. या विषयावर महत्त्वाचा प्रकाश टाकला तो क्लॉद बुशार व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘हेरिटेज’ या कुटुंब-अभ्यासाने. त्यांच्या १९९९ मधील निबंधात ९८ कुटुंबांतील ४८१ व्यक्तींचा विचार केलेला आहे. या सर्वांना, पूर्वी सराव नसताना, २० आठवडे सारखाच व्यायाम देण्यात आला. प्राणवायू-ग्रहणाच्या क्षमतेत सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर आढळली. पण काही व्यक्तींत वाढ जवळजवळ शून्य होती, तर काहींत ती एक लिटरहून अधिक होती. प्रतिसादातील हे साम्य कुटुंबांत एकत्रित आढळले, आणि कौटुंबिक घटकांचा वाटा जास्तीत जास्त ४७ टक्क्यांपर्यंत असावा, असा अंदाज निघाला. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, आरंभीची क्षमता कमी आहे की अधिक, यावरून प्रतिसाद किती मिळेल हे फारसे सांगता येत नाही.

या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. एका मात्रेच्या व्यायामाला जो प्रतिसाद देत नाही तो अधिक मात्रेला देऊ शकतो. मोंतेरो व लुंडबी यांच्या २०१७ मधील प्रयोगात आठवड्यातील व्यायामाची सत्रे वाढविली, तेव्हा कमाल कार्यशक्तीच्या बाबतीत प्रतिसाद न देणाऱ्यांची संख्या घटत गेली, आणि अखेरीस असे कोणी उरले नाही. म्हणजे ‘हा मुलगा सुधारत नाही’ असे विधान करण्यापूर्वी ‘किती सरावाने’ हा प्रश्न विचारावा लागतो.

या प्रकाशात रायनच्या उदाहरणाकडे पाहिले, तर टिमन्स यांनी प्रयोगशाळेच्या साह्यावाचून जे केले त्याचे स्वरूप ध्यानात येते. त्यांनी मुलाला एक भार दिला व बदल पाहिला. मग अधिक भार दिला व पुन्हा बदल पाहिला. त्यांची कसोटी अनेक महिन्यांची होती, आणि तिच्यात सराव हाच मापनाचे साधन झाला होता.

७. यशाची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, लहान वयात भार वाढविणे हाच यशाचा मार्ग आहे. तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी रायनच्या पुढील वर्षांचा विचार केला पाहिजे.

१९६६ मध्ये कॅन्सस विद्यापीठात शिकत असताना रायनने १० जून रोजी टेर हॉट येथे ८८० यार्ड अंतर १ मि. ४४.९ सेकंदांत कापून स्नेलचा जागतिक विक्रम मोडला. १७ जुलै रोजी बर्कली येथे त्याने ३ मि. ५१.३ सेकंदांत मैल पूर्ण केला. मिशेल जाझी या फ्रेंच धावपटूच्या विक्रमात त्याने एकदम २.३ सेकंदांची घट केली. पुढील वर्षी मैलाचा विक्रम ३ मि. ५१.१ सेकंदांवर आला. ८ जुलै १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे १,५०० मीटरची वेळ ३ मि. ३३.१ सेकंद झाली. मैलाचा तो विक्रम टांझानियाच्या फिलबर्ट बायी याने १९७५ मध्ये मोडला. रायन त्या वेळी २० वर्षांचा होता, आणि वयाच्या विसाव्या वर्षी गाठलेली ही वेळ त्याला पुन्हा सुधारता आली नाही.

१९६८ मध्ये ग्रंथिज्वराने त्याच्या सरावात खंड पडला. त्या वर्षी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात केनियाच्या किप केइनोने त्याला १,५०० मीटरमध्ये हरविले, आणि रायनला रौप्यपदक मिळाले. १९६९ मध्ये मायामी येथील राष्ट्रीय स्पर्धेत तो शर्यत चालू असतानाच धावपट्टी सोडून बाहेर पडला, आणि त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिला. पुढे तो परतला, उत्तम वेळाही दिल्या. परंतु १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतच दुसऱ्या धावपटूशी टक्कर होऊन पडल्यामुळे त्याची अखेरची संधी हुकली.

या घटनांचे कारण लहान वयातील भार हेच होते, असे म्हणता येणार नाही. ज्वर, उंचीवरील विरळ हवा व टक्कर यांचा सरावाशी थेट संबंध जोडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि पंधराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत अव्याहत चढत गेलेल्या भाराबरोबर अपेक्षांचाही भार चढत गेला, आणि धावपट्टी सोडून बाहेर पडणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाचा विचार करताना तो दृष्टिआड करून चालणार नाही. टिमन्स यांच्या पद्धतीत शरीराच्या प्रतिसादाचे मापन होते. मनाच्या थकव्याचे मापन करण्याचे साधन त्या काळच्या कोणत्याच पद्धतीत नव्हते.

अनुकरणाच्या बाबतीतही एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. रायननंतर १९६६ व १९६७ साली आणखी दोघा अमेरिकन शालेय विद्यार्थ्यांनी चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला. त्यानंतर २००१ पर्यंत एकालाही ते साधले नाही. या दीर्घ खंडाची कारणे अनेक असतील. परंतु पद्धत ठाऊक झाली म्हणजे परिणाम आपोआप मिळतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

८. समारोप

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. शिवाय अशा उदाहरणांत एक अंगभूत दोष असतो : जो यशस्वी झाला त्याचीच कथा नोंदली जाते. रायनइतकीच क्षमता असलेली पण कनिष्ठ शाळेच्या ४४० यार्डांच्या कसोटीनंतर मैदानाकडे पुन्हा न वळलेली मुले किती होती, हे कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही. निवडीच्या पद्धतीतील चूक त्यामुळेच दीर्घकाळ लपून राहते. वगळलेला मुलगा पुढे काही करून दाखवीत नाही, आणि त्यामुळे त्याला वगळणे योग्यच होते असा भास होतो.

रायनचे उदाहरण उपयोगी आहे ते एवढ्यासाठी की, तेथे हा भास एकदा उघडकीस आला. ज्याला दोन संघांनी नाकारले तोच मुलगा, केवळ एका संघाचे दार बंद नसल्यामुळे, चार वर्षांत जगातील सर्वांत वेगवान मैल धावला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने यातून तीन व्यवहार्य गोष्टी घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. निवडीची कसोटी शक्यतो एका दिवसाची नसावी. काही आठवड्यांच्या मोजलेल्या सरावानंतर ती पुन्हा घ्यावी, आणि दोन्ही वेळांतील फरक स्वतंत्रपणे नोंदवावा. कसोटीचे अंतर एकच नसावे, कारण लहान अंतरात मागे पडणारा मोठ्या अंतरात पुढे येऊ शकतो. आणि ज्याचा प्रतिसाद मोठा दिसतो त्याच्या भाराची चढण अधिक जपून ठरवावी, कारण तो ती पेलून दाखवितो म्हणूनच आपण थांबावयाचे विसरतो.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना घड्याळ आणि वही यांपलीकडे कसलेही साधन लागत नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन आकडे आणि त्यांतील वजाबाकी लिहिली, तर वगळावयाच्या यादीकडे शिक्षकाला दुसऱ्यांदा पाहावे लागेल. १९६२ च्या सप्टेंबरात विचिटातील त्या वहीत ५ मिनिटे ३८ सेकंद हा आकडा लिहिला गेला, आणि त्याच्या पुढची जागा रिकामी ठेवण्यात आली होती.